गॅरेजमध्ये किती लाईट यापेक्षा कुठे लाईट, ते आधी ठरवा

तुम्ही विचारलंय, बेळगावच्या टिळकवाडीत घर बांधताय, गॅरेज १० बाय १८ फुटांचं, गाडी लावायची आणि सुट्टीला थोडं हत्यारकामही करायचं. मधोमध एक मोठा एलईडी बसवला तर चालेल का? नाही चालणार.

अनगोळला आमच्या घरी तसाच मधला लाईट होता. गाडी आत घेतली की सगळा उजेड टपावर. बॉनेट उघडलं की त्याची सावली नेमकी इंजिनावर, कारण बिजागरी काचेकडे असते. बॅटरीचं टर्मिनल आवळायचं तरी मुलीला टॉर्च धरून उभं करावं लागायचं. लाईट बाजूला नेले आणि तो त्रास गेला.

चार फुटी, २० वॉटच्या एलईडी बॅटन (ट्यूबसारख्या लांब पट्ट्या) घ्या, प्रत्येकी साधारण २००० ल्युमेनच्या; ल्युमेन म्हणजे लाईटमधून निघणारा एकूण उजेड. तुमची जागा जवळपास १७ चौरस मीटर. हाताने काम करायला ३०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ल्युमेन तरी हवा, म्हणजे एकूण ५००० ल्युमेन. पण भिंती आणि धूळ बराच उजेड खातात, म्हणून चार बसवा. डावी-उजवीकडे गाडी आणि भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात एकेक, तिसरी समोरच्या भिंतीवर कामाच्या टेबलाच्या वर, चौथी शटरच्या बाजूला. समोरचीला काटकसर करू नका. उजेड थेट इंजिनात तिच्यामुळेच पडतो, आणि टेबलावर काम करताना स्वतःची सावली हातावर येत नाही. भिंतींना आणि छताला पांढरा रंग द्या.

उजेडाच्या रंगात ४००० केल्विन घ्या. ६५०० चा निळसर उजेड रात्री डोळ्यांना टोचतो, ३००० च्या पिवळ्यात वायरींचे रंग ओळखताना घोळ होतो. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० च्या खाली नको.

ग्राइंडर किंवा ड्रिल वापरणार असाल तर हे नीट ऐका. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात बरीच वर्षं लेथवर होतो. चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि वेग जुळला तर फिरणारा चक (लेथवर काम पकडणारा भाग) थांबल्यासारखा दिसतो. थांबलाय समजून हात तिथेच जातो. हलक्या ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) स्वस्त एलईडीतही हा दोष असतो. दुकानात लाईट लावून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा; काळे पट्टे सरकताना दिसले तर ती बॅटन घेऊ नका.

आपल्याकडे मृग लागला की शटरच्या फटीतून तिरका पाऊस आत येतो, म्हणून तिथली बॅटन आयपी६५ ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारी असू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. प्लगची ठिणगी तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून प्लगचे बोर्ड कमरेच्या वर ठेवा.

प्लास्टर व्हायच्या आधीच वायरमनला सांगा: घरातल्या दारापाशी आणि शटरपाशी टू-वे स्विच, समोरची बॅटन इन्व्हर्टरवर, आणि अर्थिंग प्रत्येक पॉइंटला.