चित्राला शब्दांची जोड कशी द्यावी?

प्रश्न : रस्तारुंदीकरणात तोडल्या जाणाऱ्या जुन्या वडांसाठी आमच्या गटाने इन्स्टाग्रामवर पोस्टर टाकले. हिरव्यागार वडाचे छायाचित्र आणि त्यावर ‘झाडे वाचवा’ एवढेच शब्द होते. पोस्टर खूप फिरले, परंतु पालिकेकडे हरकत नोंदवणारे आम्ही मोजकेच निघालो. कमी काय पडले, चित्र की शब्द? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मला वाटते, तुमचे चित्र आणि शब्द एकच गोष्ट दोनदा सांगत होते. डेरेदार वड पाहून मनात जे येते तेच ‘झाडे वाचवा’ म्हणते. ती झाडे कोणत्या रस्त्यावरची, ती कधी पडणार आणि त्यासाठी आज काय करायचे, हे दोन्हींतून कळत नाही.

मे २०२४ मध्ये ‘ऑल आइज ऑन राफा’, म्हणजे ‘सर्वांच्या नजरा राफाकडे’ (राफा हे युद्धग्रस्त गाझा पट्टीतील शहर), हे चित्र इन्स्टाग्रामवर चार कोटींहून अधिक वेळा पुढे पाठवले गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या त्या चित्रात निर्वासितांच्या तंबूंच्या दूरवर पसरलेल्या रांगा आहेत आणि त्यांतल्याच पांढऱ्या तंबूंची अक्षरे जुळवली आहेत. चित्रात रक्त नाही, माणसाचा चेहरा नाही, त्यामुळे ते पुढे पाठवताना कोणाचा हात अडखळला नसावा. परंतु क्षितिजावर बर्फाच्छादित डोंगर आहेत, जे राफाच्या सपाट, वाळूच्या प्रदेशात नाहीत. शब्द ‘पाहा’ म्हणतात आणि चित्रात खरी राफा पाहायलाच मिळत नाही, ही मला त्यातली मोठी उणीव वाटते.

शब्दांचा ठावठिकाणा चुकला तर नुकसानही होते. २ जून २०२० रोजी अमेरिकेतील वर्णद्वेषाच्या निषेधार्थ असंख्य लोकांनी निव्वळ काळा चौकोन टाकला आणि त्याखाली ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ हा हॅशटॅग जोडला. त्याच हॅशटॅगखाली आंदोलक निदर्शनांची आणि मदतीची माहिती शोधत होते. ती चौकोनांखाली गाडली गेली.

तुम्ही संपूर्ण वडाऐवजी खोडावर रंगवलेला तोडणीचा क्रमांक अगदी जवळून टिपावा. तो आकडा पाहणाऱ्याला थांबवील, आणि मग शब्दांनी रस्त्याचे नाव, झाडांची संख्या, हरकतीची शेवटची तारीख आणि अर्ज कोठे द्यायचा ते सांगावे. हा मजकूर चित्रावरच छापा, कारण कोणी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवला की खालचा मजकूर बहुतेक वेळा मागेच राहतो.