आमच्या कॉकटील पोपटाची वरची चोच लांब झाली आहे, घरीच नेलकटरने कापू का?

नाही, नेलकटर अजिबात लावू नका. चोचीच्या आत हाड, रक्तवाहिन्या आणि नसा असतात. जरा खोल कापलं गेलं तर रक्त लवकर थांबत नाही. वरचं कवच आपल्या नखांसारखंच केराटिनचं. ते जन्मभर वाढतं आणि कुरतडून झिजतं, म्हणून त्याला कुरतडायला द्या. इथे म्हापशात मी पेरूची सालीसकट फांदी धुऊन पिंजऱ्यात आडवी बांधते. आमचा आधी साल सोलतो, मग खाऊन झालं की चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी घासत बसतो. किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचं पांढरं हाड, तोही चालतो, फक्त दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून, मग कडक उन्हात वाळवा.

नुसत्या सूर्यफुलाच्या बिया घालत असाल तर त्या कमी करा, त्यात चोच नीट राहायला लागणारं अ जीवनसत्त्व जवळपास नसतंच. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला रोज थोडा द्या.

चोच अचानक लांबली असेल किंवा तिच्यावर काळसर डाग दिसत असतील, तर मात्र पक्ष्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. यकृताच्या आजारातही चोच अशी वाढते.