‘तपासायलाच नकार दिला, म्हणजे त्याला काही नाहीच ना?’

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने हा प्रश्न विचारला आणि पर्समधून कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेचं, पत्र काढलं. चार घड्या घातलेलं, घड्यांवर फाटत आलेलं. “ताई, मीच उगाच मागे लागले होते का?”

कुटुंब मूळचं नाशिककडचं, आता लंडनच्या पश्चिमेच्या एका उपनगरात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा साडेसहा वर्षांचा, इयर टूमध्ये. शाळेत गप्प, घरी आला की दप्तर भिरकावून तासभर रडणार. दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी हरवते. वर्षभर वाट पाहून आईने कौन्सिलकडे ‘ईएचसी नीड्स असेसमेंट’ मागितली, म्हणजे मुलाच्या शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक काळजीच्या गरजांची तपासणी. तिच्यातूनच पुढे ‘ईएचसी प्लॅन’ होऊ शकतो, आणि प्लॅनमध्ये लिहिलेली शैक्षणिक मदत मिळवून देणं कौन्सिलला कायद्याने भाग असतं. तपासणी करायची की नाही, हे ६ आठवड्यांत कळवायचं असतं. पत्रात नकार कळवला होता: शाळा स्वतःच्या साधनांतून गरज भागवू शकते; शिवाय घरची भाषा इंग्रजी नाही, तेव्हा मुलाला वेळ द्यावा.

ते शेवटचं वाक्य तिला लागलं होतं. त्या दिवसापासून तिने घरात मराठी बंद केली होती. आजीच्या व्हिडिओ कॉलवरसुद्धा.

नवऱ्याचं मत वेगळं. “मीही चार वर्षांचा होईतो बोललो नव्हतो.” हे वाक्य मी इतक्या बाबांकडून ऐकलंय की आता हसू येतं. पण त्याच्यामागे भीती होती, ती नंतर बाहेर आली. इथल्या सरकारशी भांडलो तर व्हिसाचं काय? आणि शाळेने मुलावर डूख धरला तर?

व्हिसाचं आधी सांगून टाकते. शाळेचं शिक्षण आणि त्यातली मदत व्हिसाच्या नियमांतल्या ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे व्हिसावर असताना घेता न येणाऱ्या सरकारी मदतीत, मोडत नाही. आणि अशा नकारावर अपील करता येतं, ते शाळेविरुद्ध नसतंच, कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध असतं. शाळेतल्या सेन्को बाई (विशेष गरजा असलेल्या मुलांच्या मदतीची जबाबदारी असलेल्या शिक्षिका) उलट मनातून खूश होतात, असाच माझा अनुभव आहे. उघड बोलत नाहीत, एवढंच.

मी वकील नाही, हे तिला सांगितलं. पण पत्रात काय लिहिलंय आणि कायदा काय विचारतो, यातला फरक दाखवायला वकील लागत नाही. इंग्लंडच्या २०१४च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टमधलं ३६वं कलम दोनच गोष्टी बघतं: मुलाला विशेष शैक्षणिक गरजा आहेत किंवा असू शकतात का, आणि त्यासाठी प्लॅनमधून मदत देण्याची गरज पडू शकते का. ‘असू शकतात’, ‘पडू शकते’. सिद्ध करायचं नाही, शक्यता दाखवायची. सिद्ध करायला तर तपासणी हवी! शाळेने आधी ६,००० पौंड खर्चल्याचं दाखवा, असं काही कौन्सिलं सांगतात. कायद्याच्या कसोटीत तसं काही नाही.

भाषेचा मुद्दा याच कायद्याच्या २०व्या कलमात आहे. केवळ घरची भाषा वेगळी आहे म्हणून मुलाला शिकण्याची अडचण आहे असं धरता येत नाही. बरोबरच आहे. पण सगळा भार त्या ‘केवळ’वर आहे. अडचण घरच्या भाषेतही दिसत असेल, तर बोट इंग्रजीकडे कसं दाखवणार?

म्हणून मी विचारलं, “मराठीत कसा बोलतो तो?”

ती थांबली. मग म्हणाली, “चिमणी-कावळ्याची गोष्ट त्याने शंभरदा ऐकलीय. अजून त्याला सांगता येत नाही, कोण कुणाच्या दारात आलं होतं. शेण आणि मेण हे शब्द येतात. कुणाचं घर वाहून गेलं विचारलं, की ‘ते... पाऊस’ म्हणतो आणि उठून जातो. त्याची नाशिकची चुलतबहीण पाच वर्षांची आहे, ती आवाज काढून सांगते.”

हा पुरावा तिच्या घरात होता आणि तिने तो स्वतःच बंद करून टाकला होता. मी तिला मराठी पुन्हा सुरू करायला सांगितलं, त्याच संध्याकाळपासून. भाषेची मूळ अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, आणि एक भाषा काढून घेतल्याने दुसरी सुधारत नाही.

मग मी पत्रावरची तारीख पाहिली. सात आठवडे उलटले होते. अपिलाची मुदत पत्राच्या तारखेपासून दोन महिने, किंवा मध्यस्थीचा (कौन्सिलशी समेटाच्या बोलणीचा) दाखला मिळाल्यापासून एक महिना. यातली जी नंतर संपेल ती. दाखल्यासाठी पत्रात दिलेल्या मध्यस्थी सल्लागाराला आधी फोन करावा लागतो, तोही त्या दोन महिन्यांच्या आत. मध्यस्थीला बसायलाच हवं असं नाही. नको म्हटलं की तीन कामकाजाच्या दिवसांत दाखला यायला हवा. तिने माझ्यासमोरच फोन लावला. आवाज कापत होता. चार मिनिटांत काम झालं, आणि फोन ठेवल्यावर ती पहिल्यांदा कोट काढून बसली.

पुढचे तीन आठवडे मी फारसं केलं नाही. सेन्डायास ही मोफत सल्लासेवा प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत असते. तिथल्या बाईंनी अपिलाचा अर्ज, सेंड ३५ए, तिच्याबरोबर बसून वाचला. फी नाही. अशा अपिलांचा निकाल बहुतेकदा कागदपत्रांवरच लागतो, त्यामुळे तिला कुणासमोर उभं राहावं लागेल ही धास्ती होती तीही गेली. तिने शाळेचे दोन अहवाल जोडले आणि एक वही. वहीत दोन रकाने: आजीने मराठीत काय विचारलं, त्याने काय उत्तर दिलं. तारखांसकट, खाली इंग्रजी अर्थ. वकिली भाषेतल्या पाच पानांपेक्षा ती वही मला मोलाची वाटली. रकाने नवऱ्याने आखले होते. त्यानंतर चार वर्षांचं वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

निकालापर्यंत जाणाऱ्या विशेष शिक्षणाच्या अपिलांत दहापैकी नऊहून जास्त वेळा ट्रायब्युनलचा, म्हणजे अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचा, कौल निदान काही अंशी पालकांच्या बाजूने असतो. इथे तिथवर जावंच लागलं नाही. कागद पाहून कौन्सिलनेच माघार घेतली आणि तपासणीला होकार दिला. असं बऱ्याचदा होतं. आधीच का नाही केलं, याचा राग मला अजूनही येतो.

शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बाई येऊन गेल्या, सोबत मराठी दुभाष्या होता. त्या रात्री आजीने फोनवर विचारलं, “मग, पास झाला का?” आईला उत्तर सुचेना, तिने फोन त्याच्याकडे दिला. तो म्हणाला, “बाई... चित्र. मी सांगितलं.” आजी म्हणाली, “शाब्बास.”

प्लॅन होईल की नाही, हे अजून ठरायचंय. नाही म्हणाले, तर त्यावरही अपील करता येतं. या वेळी पत्र आलं की पहिल्यांदा त्यावरची तारीख फ्रिजवर लिहायची, असं नवऱ्याने ठरवलंय. खडू तिथे आत्ताच लटकवून ठेवलाय.