तास सुरू झाला की नेट पळतं

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. राजापूर तालुक्यात आडिवऱ्याजवळ आमचं घर. संध्याकाळी साडेसहा ते आठ मुंबई-पुण्याच्या दहा-बारा मुलांचा गणिताचा तास घरच्या कॉम्प्युटरवरून घेते. जूनपासून तासात पाच-सहा वेळा वाय-फाय तुटतं. मिनिटभराने आपलं आपण जोडलं जातं, पण तोवर मुलं "बाई, तुम्ही थिजलात" म्हणून ओरडत असतात. दुपारी मात्र मी त्याच कॉम्प्युटरवर दोन-दोन तास भजनं ऐकते, तेव्हा एकदाही तुटत नाही. नेटवाला म्हणतो, लाइन चोख आहे. भाचा म्हणाला, स्पीड कमी पडतो, म्हणून ५०चा प्लॅन १००चा केला. फरक शून्य. आता तो म्हणतो, कॉम्प्युटरच बदल. चार वर्षांचा तर आहे! मोबाईलवर त्याच वेळी नेट चालू असतं. राउटर माजघरात, कॉम्प्युटर पडवीतल्या खोलीत, मध्ये चिऱ्याची एक भिंत. काय करू? (नाव छापू नये. आमच्या वाडीत हे सदर सगळे वाचतात.)

उत्तर : बाई, रोज संध्याकाळी साडेसहाला येऊन त्रास देणारं काही असलं की आपल्याकडे आधी देवचाराकडे बोट जातं. पण तुम्ही फोनवर म्हणालात की रविवारी तास नसतो आणि रविवारी संध्याकाळी नेट जात नाही. म्हणजे त्रास वेळेला नाही, तासाला आहे. तासाच्या वेळी त्या खोलीत असं काय होतं, जे भजनाच्या वेळी होत नाही? कॉम्प्युटर विकायला काढण्याआधी एवढंच शोधायचं होतं.

तुम्हाला मी आठवडाभर वही घालायला लावली. शाळा सुटली तरी गृहपाठ सुटला नाही! बाकीच्यांनाही उपयोगी पडेल म्हणून ती भानगड सविस्तर लिहितो.

"नेट गेलं" असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन वेगळे रस्ते असतात. एक बाहेरून राउटरपर्यंतचा, म्हणजे खांबावरून आलेली फायबर. दुसरा राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतचा, हवेतला. नळाला पाणी नसेल तर आपण आधी टाकीत डोकावतो. टाकी भरलेली असेल तर पंपवाल्याला शिव्या देऊन काय उपयोग? तसंच इथे.

टाकीत डोकावायचं कसं? विंडोजच्या शोधपट्टीत सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग' लिहून एंटर मारलं की 'डिफॉल्ट गेटवे' या नावापुढे चार आकडे दिसतात. तो तुमच्या राउटरचा पत्ता. बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा त्याच्या जवळपासचाच असतो. मग 'पिंग' लिहा, एक जागा सोडून तो पत्ता लिहा, पुन्हा एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून टी. एंटर. आता कॉम्प्युटर दर सेकंदाला राउटरला हाक मारतो आणि 'ओ' आली की एक ओळ छापतो. अशीच दुसरी काळी खिडकी उघडून तिथे ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता द्या. हा गुगलचा आहे, कायम जागा असतो. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून तास घ्यायचा. थांबवायचं झालं की कंट्रोल आणि सी.

नेट गेलं की फक्त बघायचं, कोणाची 'ओ' बंद पडली. राउटर बोलतोय आणि बाहेरचा गप्प, तर दुखणं लाइनचं. सरळ नेटवाल्याला फोन करा, कॉम्प्युटरला हात लावू नका. दोघेही एकदम गप्प झाले आणि राउटरवरचे दिवे नेहमीसारखेच आहेत, तर दुखणं घरात. बाईंच्या वहीत दर वेळी दोघे एकदम गप्प. नेटवाला खरं बोलत होता. असंही कधी कधी होतं.

मोबाईलची साक्ष मी लगेच मानली नाही. वाय-फाय डळमळलं की मोबाईल गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं, वाय-फाय चालू आहे. साक्षीदार मोबाईलचा डेटा आधी बंद करायचा, मगच त्याचं ऐकायचं. बाईंनी बंद केला, तरी मोबाईलवर वाय-फाय धडधाकट. म्हणजे राउटर निर्दोष. उरला फक्त कॉम्प्युटर आणि त्याच्या आसपासचं सामान.

मग मी विचारलं, तासाला बसताना काय काय जोडता? कानातलं ब्लूटूथ असतं तर तोही एक संशयित होता, कारण ब्लूटूथ आणि जुनं वाय-फाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात राहतात. पण बाईंचं वायरवालं. "आणि ती काळी डिस्क," बाई म्हणाल्या, "तास रेकॉर्ड करून ठेवते ना, गैरहजर मुलांसाठी." मी मागच्या बाजूचा फोटो मागवला. त्यात सगळं दिसलं. कॅबिनेटच्या पाठीवर निळ्या जिभेची दोन यूएसबी तोंडं, एकाला एक लागून. एकात नखाएवढा वाय-फायचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला वाय-फाय पकडून देणारं खोचायचं यंत्र, हिरवा दिवा मिचकावतोय. दुसऱ्यात हार्ड डिस्कची जाडी वायर. दोघांच्या मध्ये चिंचोका सरकवायलाही जागा नाही.

मी मूळचा रेडिओ दुरुस्तीवाला. रत्नागिरी केंद्रावर बातम्या लागल्या आणि शेजारणीने मिक्सर सुरू केला की रेडिओ खरखरायचा, हे ज्यांना आठवतं त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. निळ्या तोंडाची यूएसबी, म्हणजे तिसऱ्या पिढीची, सेकंदाला पाच अब्ज बिट्सच्या वेगाने चालते. ती चालू असताना तिच्या वायरीतून आणि जोडातून जो रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ साली यावर सविस्तर अहवालच काढला होता. डिस्क नुसती लटकलेली असेल तर फारसं काही होत नाही. ती लिहायला लागली की गोंगाट. आणि डोंगलच्या कानाशीच मिक्सर लागलाय म्हटल्यावर त्याला माजघरातल्या राउटरचं बोलणं ऐकू येणार कसं?

हे मला एवढं नेमकं माहीत आहे कारण हा घोळ मी स्वतः घातलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला मीच असा डोंगल विकला आणि "निळ्यात लावा, निळं फास्ट असतं" असं वर सांगून मीच तो डिस्कच्या शेजारी खोचला. नेट तुटायला लागल्यावर आधी डोंगल बदलून दिला, मग राउटर बदलायला लावला. राउटरचे पैसे त्याने दिले, आणि माझा चेहरा एवढा आत्मविश्वासाचा होता की त्याने घासाघीसही केली नाही. एक दिवस त्याच्या मुलीने चित्रपट कॉपी करून झाल्यावर डिस्क काढली आणि नेट सुतासारखं सरळ झालं. ते पैसे मी पुढे दुसऱ्या कामात वळते करून दिले, पण त्याच्या दारावरून जाताना अजून मान खाली जाते.

आता उपाय. बाईंनी मीटरभर लांबीची साधी यूएसबी एक्स्टेंशन वायर आणली, डोंगल तिच्या टोकाला लावला आणि टोक खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलं. डिस्क निळ्यातून काढून काळ्या जिभेच्या जुन्या तोंडात लावली. तिथे ती हळू चालते, पण तास रेकॉर्ड करायला तो वेग भरपूर झाला. पुढच्या सहा तासांत वहीत एकच नोंद : "गुरुवार, ७.१०, लाइट गेली." ती आपण धरत नाही.

भाचेबुवांसाठी दोन शब्द. स्पीड म्हणजे रस्त्याची रुंदी. पूल मध्येच खचत असेल तर रस्ता चौपदरी करून गाडी पलीकडे जात नाही. प्लॅन पुन्हा ५०चा करा. एका व्हिडिओ तासाला तेवढाही खूप झाला.

एक कोडं मात्र मला दोन दिवस टोचत होतं. डिस्क तर एप्रिलमध्ये आणलेली, मग तुटणं जूनपासूनच का? माझा अंदाज भिंतीवर आहे. जांभा चिरा सच्छिद्र असतो, तुमच्या बाहेरच्या भिंतीला गिलावा नाही, आणि पडवी व माजघर यांच्यामधली भिंत ही पूर्वी बाहेरचीच भिंत होती असं तुम्ही म्हणालात. पावसात ती पाणी पिऊन बसते. पाण्याला वाय-फायच्या लहरी गिळायची सवय असते, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. एप्रिलमध्ये कोरड्या भिंतीतून येणारा आवाज डिस्कच्या गोंगाटावर मात करत असणार. जूनमध्ये तो बारीक झाला आणि गोंगाट जिंकला. ऑगस्टमध्ये तुम्ही मोबाईलच्या ॲपवर कॉम्प्युटरपाशी वाय-फायच्या सिग्नलची ताकद उणे ७१ डीबीएम मोजलीत. उणे ५०-६० असेल तर बरं, उणे ७०पासून धाप लागते, उणे ८०ला तुटणारच. मार्चमध्ये त्याच जागी पुन्हा मोजा आणि मला कळवा. अंदाज चुकला तर याच सदरात छापीन.

राउटर माजघरातल्या लोखंडी कपाटाच्या वर आहे, तो दाराच्या चौकटीच्या उंचीवर, दाराच्या रेषेत आणलात तर आणखी बरं. दारातून लहरी फुकट जातात, चिऱ्यातून मोजून. नवा डोंगल घ्यायचाच झाला तर ५ गिगाहर्ट्झवाला घ्या असं दुकानदार सांगेल. त्याला यूएसबीचा हा गोंगाट भोवत नाही हे खरं, पण जाड भिंत त्याला जास्तच जड जाते. तुमच्या घरात मी घाई करणार नाही.

जाता जाता : डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फायच्या नावावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण तिथे असली तर काढून टाका. बाईंचा दोष तो नव्हता, पण पुष्कळांचा तोच असतो.

प्रश्न : पाऊस वाढला की राउटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि घरातल्या सगळ्याच कॉम्प्युटरचं नेट जातं. कॉम्प्युटर फॉरमॅट करून घ्यावा का? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : अजिबात नको. त्या दिव्याखाली 'एलओएस' असं लिहिलं असेल तर बाहेरून फायबरमधून येणारा प्रकाशच पोचत नाहीये. तुमच्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नाही. वायर घराकडे येते तिथे खालून नजर टाका : फणसाची फांदी वाऱ्यात तिच्यावर घासतेय का, खारीने कुरतडलीय का, भिंतीच्या कोपऱ्यात कोणी तिला काटकोनात मुडपून खिळा मारलाय का. घरातली पिवळी बारीक वायर स्टुलाखाली चिरडली गेली नाही ना, तेही बघा. टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला लागू शकतो. फांदी असेल तर तीही तुम्ही तोडू नका, शेजारून विजेची तार जात असते. लाइनमनला बोलवा आणि लाल दिव्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. तो दारात आला की लाल दिवा हटकून विझतो.

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर घड्याळ लावल्यासारखं दर तासाने वाय-फाय तुटतं. बाकी कोणाचं तुटत नाही. (एक विद्यार्थी, वेंगुर्ले)

उत्तर : इतकं शिस्तीत तुटणारं दुखणं बरं, लवकर सापडतं. राउटर ठरावीक वेळाने सगळ्यांना वाय-फायची एक सामायिक किल्ली नवी करून वाटतो. पुष्कळ राउटरवर ती वेळ ३६०० सेकंद, म्हणजे बरोबर एक तास असते. नव्या यंत्रांना ते कळतही नाही, पण जुन्या ड्रायव्हरचा (वाय-फाय चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) लॅपटॉप किल्ली घ्यायला चुकतो आणि बाहेर पडतो. आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा नवा ड्रायव्हर घाल. 'एका टिचकीत सगळे ड्रायव्हर' देणारी सॉफ्टवेअरं नको, ती काढायला मग माझ्याकडे यावं लागतं. तरीही तुटलं तर राउटरच्या वाय-फाय सुरक्षेच्या पानावर 'ग्रुप की' असं काहीतरी नाव शोध आणि ३६००च्या जागी ८६४०० कर, म्हणजे दिवसातून एकदाच. जुना आकडा आधी कागदावर लिहून राउटरच्या बुडाला चिकटव. वाय-फायचा पासवर्ड तिथे लिहून ठेवला असशील तर तो मात्र काढ.