तुमचे प्रश्न : घड्याळातला बाण आणि समोरचा कडा

प्रश्न : ताई, नवं जीपीएस घड्याळ घेऊन आम्ही चौघं डोंगरावर गेलो होतो. उतरताना दाट धुकं आलं, म्हणून घड्याळात ‘सुरुवातीला परत’ दाबलं. बाण ठामपणे डावीकडे. अंतर फक्त ४०० मीटर. तिकडे गेलो तर पुढे सरळ तुटलेला कडा! घड्याळ बिघडलंय का?

उत्तर : घड्याळ ठणठणीत आहे. तुम्ही विचारलंत तेवढंच त्याने सांगितलं. परत येण्याचे दोन पर्याय बहुतेक घड्याळांत असतात. एकात तुम्ही उभे आहात तिथून सुरुवातीपर्यंत सरळ रेघ मारली जाते. मधे दरी आहे की नदी, याचं त्या रेघेला सोयरसुतक नसतं. दुसऱ्यात तुम्ही ज्या वाटेने आलात तोच माग उलटा दाखवला जातो. कंपनीगणिक नाव वेगळं, पण ‘आलेल्या मागाने परत’ अशा अर्थाचं काहीतरी यादीत सापडेलच. धुक्यात आणि अंधारात हाच वापरायचा. सरळ रेघ मोकळ्या माळावर ठीक.

मात्र मागाने परत यायचं तर माग आधी नोंदवलेला हवा, आणि इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. गाडीतून उतरायचं, सॅक पाठीवर टाकायची, फोटो काढायचे, चालू पडायचं. तासाभराने कुणाला तरी आठवतं की अरे, रेकॉर्डिंग सुरू केलंच नाही. मग माग सुरू होतो तो डोंगराच्या मधूनच. निघण्याआधी उघड्या आभाळाखाली मिनिट-दोन मिनिटं थांबा. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगत असतो, ती घड्याळाला नीट ऐकू द्या. आदल्या रात्री फोनशी जोडून ताजी माहिती उतरवून घेतली असेल, तर काही सेकंदांतच काम होतं. स्क्रीनवर ‘तयार’ दिसलं की मगच बटण.

माझ्याबरोबर येणाऱ्या मुलांना मी प्रत्येक फाट्यावर थांबवते आणि खूण करायला लावते. कुरकुरतात. पण चढताना जी वाट एकच वाटते, तिला उतरताना दोन तोंडं दिसतात, कारण मागून येऊन मिळालेली वाट चढताना नजरेला पडतच नाही. त्या जागेचा बिंदू घड्याळात साठवा आणि त्याला ‘००७’ असं राहू देऊ नका. ‘पाणी’, ‘फाटा डावा’, ‘घसरण’ अशी नावं द्या. एवढ्याशा बटणांनी अक्षरं निवडणं म्हणजे डोक्याला ताप आहे, कबूल. निदान चिन्ह तरी वेगळं निवडा. घड्याळाकडे सगळे वाट चुकल्यावर बघतात. त्याचा खरा उपयोग तुम्ही त्याला त्याआधी काय सांगून ठेवलंत, यावर ठरतो.

आणखी एक. तुम्ही चालत असता तेव्हा घड्याळ दोन जागांमधल्या फरकावरून दिशा ओळखतं. उभे राहिलात की उपग्रहावरून तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही, तेव्हा आतला चुंबकीय होकायंत्र कामाला लागतो. आणि त्याला सॅकच्या पट्ट्यावरचं चुंबकाचं बक्कल, शेजारी धरलेला फोन, लोखंडी काठी, काहीही भुलवतं. बाण भिरभिरायला लागला तर, जागा सुरक्षित असेल तिथे, वीसेक पावलं सरळ चाला आणि मग बघा. होकायंत्र जुळवून घेण्याची सोय घड्याळात असते; मनगट आठाच्या आकड्यात फिरवण्याचं ते काम घरूनच करून निघा.

प्रश्न : माझे मेहुणे परदेशात असतात. तिथे रीतसर परवाना काढून शिकारीला जाता येतं. त्यांना असं घड्याळ भेट द्यायचं मनात आहे. शिकाऱ्याला त्याचा खरंच उपयोग होतो, की नुसतं मिरवायला?

उत्तर : मी बंदूक कधी हातात धरलेली नाही आणि धरायची हौसही नाही, पण माग काढणं माझ्या आवडीचा विषय आहे. गोळी लागलेलं जनावर दर वेळी जागीच पडत नाही. हरीण जखमी अवस्थेतही शंभर-दीडशे मीटर सहज पळतं. ज्या झुडपापाशी ते होतं ते झुडूप लांबून स्पष्ट दिसत असतं. चालत तिथे पोचलात की दहा झुडपं सारखीच. म्हणून जागा सोडण्याआधी, उभे आहात तिथेच पहिली खूण. मग जनावर शेवटचं दिसलं त्या दिशेचा कोन घ्यायचा, अंतराचा अंदाज द्यायचा, की घड्याळ तेवढ्या अंतरावर एक बिंदू मांडून देतं. घेण्याआधी ही सोय आहे ना, ते बघा. त्या बिंदूपाशी गेल्यावर पहिला रक्ताचा ठिपका दिसला की दुसरी खूण, आणि पुढे शेवटचा ठिपका जिथे दिसेल तिथे पुन्हा. माग तुटला की शेवटच्या खुणेवर परत येऊन तिथून हळूहळू मोठ्या होत जाणाऱ्या गोल फेऱ्या मारायच्या. जखमी जनावर तसंच सोडून येणारा माणूस माझ्या लेखी शिकारी नव्हे.

सूर्योदय-सूर्यास्ताची वेळही कामाची. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणाची शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच चालते, आणि घड्याळ ती वेळ उभ्या जागेची काढून देतं. खाजगी जमिनीच्या हद्दीसाठी मात्र त्या इवल्या नकाशावर विसंबू नये. काही मीटरची चूक घड्याळाच्या दृष्टीने किरकोळ असते, जमीनमालकाच्या दृष्टीने नसते. वाऱ्याची दिशा घड्याळाला कळत नाही. त्यासाठी चिमूटभर पावडर हवेत सोडतात तीच बरी. गोळीच्या उडण्याचं गणित करणारी महागडी मॉडेलंही निघाली आहेत, त्यांच्या नादी लागू नका. नुसत्या स्पर्शाच्या स्क्रीनपेक्षा बटणांचं घड्याळ घ्या, कारण हातमोजे घालून आणि पावसात स्क्रीन ऐकत नाही. आवाज, थरथर आणि उजेड तिन्ही पूर्ण बंद करता येतात का, हे दुकानातच तपासा.

प्रश्न : एकाच वाटेने, बरोबरीने चाललो. माझ्या घड्याळात १२.६ किलोमीटर, ह्यांच्या घड्याळात ११.८. चढाईत तर दीडशे मीटरचा फरक. कुणाचं बरोबर?

उत्तर : बहुधा कुणाचंच नाही, त्यामुळे भांडण इथेच मिटवा. मोकळ्या आभाळाखाली चूक काही मीटरची असते. उंच कड्याखाली आणि दाट झाडीत मात्र उपग्रहाचा संदेश खडकावर आपटून वळसा घेऊन येतो आणि घड्याळाला जागा भलतीच वाटते. दोन वारंवारितांवर ऐकणारी घड्याळं यात बरीच सरस ठरतात. दुसरं, एक घड्याळ दर सेकंदाला नोंद करत असेल आणि दुसरं बॅटरी वाचवायला मधले ठिपके गाळत असेल, तर नागमोडी वाटेची वळणं ते दुसरं घड्याळ सरळ कापून टाकतं. अंतर घटलं! उलट, तुम्ही जेवायला बसलात आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं, तर जागच्या जागी हलणाऱ्या ठिपक्यांचंही अंतर मोजलं जाऊ शकतं.

उंचीसाठी चांगल्या घड्याळात हवेचा दाब मोजतात. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. पण हवा बदलली तरीही तो उतरतो, म्हणून तंबूत झोपलेल्या माणसाची उंची रात्रीत वीस मीटर वाढलेली दिसते. नकाशात उंची दिलेल्या शिखरावर किंवा खिंडीत पोचलात की ती घड्याळात भरून टाका. सेन्सरचं बारीक भोक घामा-चिखलाने बुजलं असेल तर साध्या पाण्याने धुवा. त्यात टाचणी घालू नका.

प्रश्न : मोबाइलला रेंज नसताना हे चालतं का? आणि मी कुठे आहे हे घरी कळेल ना?

उत्तर : चालतं. घड्याळ सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचं नुसतं ऐकतं. उलट काही बोलत नाही, म्हणून घरी काहीही कळणार नाही. त्यासाठी उपग्रहावरून निरोप धाडणारं वेगळं यंत्र किंवा तशी सोय असलेलं घड्याळ लागतं. काही देशांत अशी यंत्रं विनापरवाना जवळ बाळगणं गुन्हा ठरतो, तेव्हा आधी चौकशी करा.

प्रश्न : थंडीत बॅटरी अर्ध्यातच बसते.

उत्तर : बसणारच. घड्याळ बाहीच्या आत ठेवा, सतत उजळणारी स्क्रीन आणि नाडीचं मोजमाप बंद करा. नोंदी विरळ करणारा मोड मात्र शेवटचा उपाय. माग तुटक झाला तर परतीला काय उपयोग?

प्रश्न : मित्राचा पाय मोडला. घड्याळातले अक्षांश-रेखांश फोनवर सांगितले, तरी मदतीला येणारी माणसं भलत्याच डोंगराखाली गेली. असं कसं झालं?

उत्तर : तुमच्या पत्रातले आकडे पाहिले. घड्याळ अंश आणि मिनिटं दाखवत होतं, आणि पलीकडच्याने ते दशांश अंश समजून टिपले. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५ अंश. ते १८.३० असं लिहिलं की ०.२ अंशाचा फरक पडतो, आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असल्यामुळे माणूस २२ किलोमीटर लांब जातो. घड्याळ कुठल्या पद्धतीवर लावलंय ते आजच बघून ठेवा. दशांश अंश ठेवलात तर सांगायला सोपं. फोनवर ‘दशांश अंश’ असं आधी म्हणा, मग एकेक आकडा सुटा वाचा, ‘टिंब’ हा शब्द उच्चारा, आणि समोरच्याकडून सगळं परत वाचून घ्या. अक्षांश उत्तर की दक्षिण आणि रेखांश पूर्व की पश्चिम, हेही सांगा. नकाशा कागदी असेल, तर घड्याळ डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे जीपीएस ज्या जागतिक आधारावरून अक्षांश-रेखांश मोजतं त्यावर, आहे हे कळवा. जुन्या नकाशांचा आधार वेगळा असतो आणि जागा काहीशे मीटर सरकू शकते. आकडे दिल्यावर तिथून हलू नका. पाण्यासाठी जावंच लागलं, तर एकाला जखमीपाशी बसवून मग जा.