कोकण किनाऱ्यावर फिरताना कॅमेऱ्याला कोणता पट्टा सोयीचा?
कॅमेऱ्यासोबत आलेला पट्टा मानेला काचतो, तर त्याऐवजी कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. हर्णै-मुरूडच्या किनाऱ्यावर दिवसभर फिरायचे असेल, तर खांद्यावरून छातीवर तिरका जाणारा, चार-पाच सेंटीमीटर रुंदीचा पट्टा घ्यावा, कारण त्यामुळे मानेवरचा भार उतरतो आणि कमरेपाशी राहिलेला कॅमेरा डोळ्याशी चटकन नेता येतो. मात्र तो कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी (तिपाईसाठी) असलेल्या छिद्रात स्क्रूने बसणारा असेल, तर चालताना स्क्रू सैल होऊ शकतो. म्हणून तो अधूनमधून बोटांनी चाचपावा आणि कॅमेऱ्याच्या कडीला एक सुरक्षा दोरीही जोडावी. निओप्रीनची (फेसाळ कृत्रिम रबराची) गादी मऊ लागते खरी, पण आपल्या दमट हवेत तिच्याखाली घाम साचतो, आणि चामड्याला पावसाळ्यात बुरशी धरते. त्यामुळे मी विणलेल्या नायलॉनचाच पट्टा सुचवेन. खाऱ्या वाऱ्याने लोखंडी कड्या गंजतात, तेव्हा घरी आल्यावर पट्टा सोडवून गोड्या पाण्यात धुवावा व सावलीत वाळवावा. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाताना होडीत चढण्यापूर्वी पट्टा आखूड करून कॅमेरा छातीशी घ्यावा. कॅमेरा लहान असल्यास मनगटी पट्टा पुरतो.