मेंडेलच्या आधीचा संकर : योसेफ कोलरॉयटर

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या आधी कुणी वनस्पतींचा पद्धतशीर संकर केला होता का, असा प्रश्न आहे. केला होता, तोही शंभर वर्षं आधी, आणि त्या माणसाचं नाव आपल्याकडे फारसं कानावर येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

योसेफ गोटलीब कोलरॉयटर १७३३ मध्ये जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या झुल्त्स गावी जन्मला. वडील औषधविक्रेते. ट्युबिंगेनला वैद्यक शिकून तो रशियात सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेला. तिथे १७६० साली त्याने तंबाखूच्या दोन प्रजाती घेतल्या, रस्टिका आणि पॅनिक्युलाटा, आणि एकीचे पराग दुसरीच्या कुक्षीवर, म्हणजे फुलात पराग झेलणाऱ्या मादी भागावर, लावले. जालना-बुलढाण्याकडे कपाशीच्या बीजोत्पादन प्लॉटवर क्रॉसिंग पाहिलं असेल, तर हे काम किती जपून करावं लागतं ते माहीत असेल.

रोपं दोघींच्या मधली निघाली. फुलली भरपूर, पण पराग निकामी. वनस्पतींमधलं हे पहिलं खेचर, असं त्याने म्हटलं. मला त्याची पुढची पायरी सर्वांत मोलाची वाटते. त्याने नर-मादी अदलाबदल करून तोच संकर पुन्हा केला, तरी रोपं तशीच! संपूर्ण जीव आधीपासूनच बीजांडात किंवा परागात घडलेला असतो, असं तेव्हा बरेच विद्वान मानत. या निकालापुढे ते मत टिकत नाही; वाटा दोघांचाही असतो. नंतर संकराच्या रोपांना पिढ्यान्‌पिढ्या पॅनिक्युलाटाचेच पराग देऊन त्याने रस्टिकाचा वंश जवळजवळ पॅनिक्युलाटासारखा करून दाखवला. काही फुलांना किड्यांवाचून फळ धरत नाही, हेही त्यानेच बारकाईने नोंदवलं.

पुढे तो बाडेन या जर्मन संस्थानाच्या दरबारी कार्ल्सरूहला निसर्गविज्ञानाचा प्राध्यापक आणि राजबागेचा प्रमुख झाला. पाठीराखी होती तिथल्या शासकाची पत्नी कारोलिने लुईझे. ती १७८३ मध्ये वारली. माळ्यांशी खटके उडत होतेच. तीनेक वर्षांत बाग त्याच्या हातून गेली. १८०६ मध्ये तो वारला.

मग आनुवंशिकतेचे नियम त्याला का सापडले नाहीत? तो शेकडो बाबतींत वेगळ्या असलेल्या प्रजाती जोडत होता आणि रोप अख्खं पाहत होता. त्यात संकर बहुधा वांझ, म्हणजे दुसरी पिढी मोजायला मिळणार कशी? मेंडेलने वाटाण्याचे सुटे गुण निवडले आणि दाणे मोजले. मात्र १८६६ च्या आपल्या निबंधात आधीच्या अभ्यासकांची नावं घेताना मेंडेलने पहिलं नाव कोलरॉयटरचं लिहिलं आहे.